लिलावांतला रेम्ब्रांट

सतराव्या शतकांत आम्स्टरडॅमच्या धक्क्यावर साऱ्या जगाचा माल उतरे, आणि एखादा धनिक मरण पावला कीं त्याच्या संग्रहाचा लिलाव पुकारला जाई. अशा लिलावांत नेहमीं दिसणारें एक गिऱ्हाईक म्हणजे चित्रकार रेम्ब्रांट. बाल्दिनुच्ची हा इटालियन चरित्रकार सांगतो कीं, थोर कलावंतांचीं चित्रें विक्रीस निघालीं म्हणजे रेम्ब्रांट पहिलीच बोली अशी जबर करी, कीं दुसरा कोणी तोंडच उघडीत नसे. आपल्या धंद्याचा मान वाढावा म्हणून हें करतों, असें त्याचें म्हणणें. कोणी वापरीत नसे असले जुनेपुराणे पोशाखही तो घेई आणि चित्रशाळेंत टांगून ठेवी. व्यवहाराच्या दृष्टीनें हें वेडच. परंतु त्याच्या चित्रांतले फेटे आणि झगे कोठून आले, याचा उलगडाही त्यांतच आहे.

१६३९ च्या जानेवारींत त्यानें १३,००० गिल्डरांना घर घेतलें, तेंही हप्त्यानें. पुढें एप्रिलांत लुकास व्हान उफेलन या व्यापाऱ्याचा संग्रह लिलावांत निघाला. त्यांत राफाएलनें काढलेलें कास्तील्योने या सरदाराचें चित्र होतें. तें ३,५०० गिल्डरांना दुसऱ्यानें नेलें. रेम्ब्रांटनें त्याचें झटपट रेखाटन केलें आणि शेजारीं चित्राची किंमत लिहिली. साऱ्या संग्रहाचे ५९,४५६ गिल्डर आले, हेंही टिपलें. पैशाची पर्वा न करणाऱ्या माणसाची ही टिपणी मोठी मौजेची! तो कागद आज व्हिएन्नांत आहे. चित्र हातचें गेलें, परंतु दुसऱ्याच वर्षीं त्यानें स्वतःचें जें चित्र रंगविलें, त्यांत बसण्याची तीच ढब उतरली आहे.

घराचें देणें मात्र फिटेना. १६५६ सालीं दिवाळें निघालें आणि सरकारी कारकुनांनीं घरांतील चीजवस्तूंची ३६३ नोंदींची यादी केली. रोमन बादशहांचे पुतळे, शस्त्रें, शिंपले, मान्तेन्याचें मोलाचें पुस्तक यांबरोबरच विलक्षण लघुचित्रांचें एक पुस्तकही तींत आहे. त्यांत मोगल चित्रें असावींत, असा कित्येक अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क राहो, याच सुमारास जहांगीर, शहाजहान आणि मोगल दरबारी यांचीं वीसाहून अधिक रेखाटनें रेम्ब्रांटनें पूर्वेकडच्या कागदावर केलीं, हें निश्चित. डच कंपनीची वखार सुरतेस होती, तेव्हां असलीं चित्रें हॉलंडांत पोंचणें कठीण नव्हतें. एरवीं ज्याची रेघ धसमुसळी, त्यानें येथें मोगल कलमाची नाजूक रेघ हातीं धरली आहे.

संग्रह विकला गेला. १६५८ सालीं घरही ११,२१८ गिल्डरांना गेलें. रेम्ब्रांट भाड्याच्या घरांत राहूं लागला. ता. ४ ऑक्टोबर १६६९ रोजीं तो वारला, तेव्हां चित्रें, रेखाटनें, दुर्मिळ जिनसा आणि पुराणवस्तू यांनीं भरलेल्या तीन खोल्यांना कुलपें ठोकावीं लागलीं.