कॅरीचे पेज आणि टस्कीगीची वीटभट्टी

उत्तर कॅरोलिनातले कॅरी मराठी घरांना ठाऊक झाले ते सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे. हे गाव वसवले लाकडाचे व्यापारी फ्रँक पेज यांनी. 1868 च्या सुमारास त्यांनी रेल्वेच्या उतारूंसाठी बांधलेले विटांचे हॉटेल अजून उभे आहे. मात्र गवंडीकामाच्या शिक्षणाशी या घराण्याचा संबंध जुळला तो मुलामुळे.

वॉल्टर हाइन्स पेज यांचा जन्म 1855 मध्ये कॅरीतच झाला. मुलांना पुस्तकांबरोबर हातचे कामही शिकवा, असा धोशा त्यांनी आणि शेजारच्या रॉलीतल्या वटॉगा क्लबने लावला. 1887 मध्ये शेती आणि यंत्रविद्येचे सरकारी कॉलेज मंजूर झाले. श्रमाची प्रतिष्ठा शिकवणाऱ्या या कॉलेजच्या पहिल्या इमारतीला विटा दिल्या त्या राज्याच्या तुरुंगाने! प्रवेशही फक्त गोऱ्यांना.

पेज पुढे प्रकाशक झाले. 1901 मध्ये त्यांच्या भागीदारीतल्या डबलडे-पेज कंपनीने बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र काढले. गुलामीत जन्मलेले वॉशिंग्टन 1881 पासून अलाबामात टस्कीगीला कृष्णवर्णीयांची शाळा चालवत होते. तिथे इमारती विद्यार्थ्यांनीच बांधायच्या, विटाही त्यांनीच पाडायच्या. गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभे राहायला मुले नाखूश असत. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरी मध्यरात्री ढासळली. पैसे संपले तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ 15 डॉलरला गहाण टाकले. चौथी भट्टी साधली. पुढे एका हंगामात तिथली मुले 12 लाख विटा पाडू लागली आणि आसपासचे गोरेही त्या विकत नेऊ लागले.

तरी 1903 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी या शिक्षणावर कडक टीका केली: कृष्णवर्णीयांना कारागिरीतच अडकवले, तर उच्च शिक्षण आणि मताधिकार कोण मागणार?

मराठी वाचकाला इथे जोतीराव फुले आठवतील. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकनांना. बांधकामाची कंत्राटे घेणारे जोतीराव 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे गेले, तेव्हा त्यांनी सर्वांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. हातात थापी द्या, पण पाटी काढून घेऊ नका, हा आग्रह डुबॉइस यांच्या टीकेत आहे तसाच जोतीरावांच्या मागणीतही दिसतो.

1917 मध्ये अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि शाळांमधल्या धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. पेज तेव्हा लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते.