साचा आणि नळीचे माप : अमेरिकेतील घरगुती गोळी-ओतकामाचा इतिहास

अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी घरीच शिशाच्या गोळ्या ओतू पाहणाऱ्या माणसापुढे आज पहिला प्रश्न साच्याच्या निवडीचा असतो. कोणत्या व्यासाची, किती वजनाची आणि कोणत्या आकाराची गोळी देणारा साचा घ्यावा, तो लोखंडाचा असावा की ॲल्युमिनियमचा, आणि एका ओतीत त्यातून किती गोळ्या निघाव्यात, हे सर्व त्याला एखादीही गोळी ओतण्यापूर्वी ठरवावे लागते. हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. बंदुकीच्या इतिहासातील पहिली काही शतके तो कोणाला पडलाच नाही, कारण साचा बंदुकीसोबतच येत असे आणि दुसरा साचा त्या बंदुकीच्या कामाचाही नसे. साचा बंदुकीपासून वेगळा कसा झाला, त्याचे माप कोणी ठरवायचे हा अधिकार बंदूककाराकडून कारखान्याकडे आणि तेथून काही अंशी पुन्हा मालकाकडे कसा आला, हे पाहिल्यास या छोट्याशा अवजाराचे महत्त्व ध्यानात येते.

या परंपरेचा पाया शिशाच्या गुणधर्मांत आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांब्याला १,०८५ आणि लोखंडाला १,५३८ अंश लागतात. त्यामुळे भट्टी, भाता आणि ओतारी यांच्यावाचून साध्या चुलीवर, लोखंडी पळीत वितळवता येणारा हा जवळजवळ एकमेव जड धातू होता. अठराव्या शतकातील अमेरिकन वसाहतींमध्ये साचे संगजिऱ्याच्या मऊ दगडाचे, पितळेचे किंवा लोखंडाचे असत. एका गोळीचा हातसाचा अडकित्त्याच्या घडणीचा असे. दोन दांडे मिटले की टोकाकडील दोन ठोकळे एकमेकांना भिडत आणि त्यांच्यामध्ये गोळीच्या आकाराची पोकळी तयार होई. वरच्या छिद्रातून शिसे ओतले, ते थिजू दिले आणि दांडे उघडले की गोळी बाहेर पडे, मात्र तिला छिद्रात थिजलेल्या शिशाचा एक खुंट चिकटलेला असे, आणि तो कापून काढल्याशिवाय गोळी नळीत उतरत नसे.

पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेल्या लांब नळीच्या रायफलींमध्ये, म्हणजे ज्यांच्या नळीत आतून पिळदार खाचा पाडलेल्या असत अशा बंदुकींमध्ये, साच्याचे महत्त्व विशेष होते. प्रत्येक नळी हाताने कोरलेली असल्यामुळे दोन रायफलींची मापे तंतोतंत जुळत नसत, आणि म्हणून कारागीर नळी पूर्ण झाल्यावर तिच्याच मापाची, गोल डोक्याची एक कोरणी तयार करून तिने साच्याची पोकळी कोरून देई. माप इंचांत सांगण्यापेक्षा एक पौंड शिशात किती गोळ्या होतात यावरून सांगण्याची रीत होती, म्हणजे पौंडाला चाळीस गोळ्यांची रायफल ही पौंडाला साठ गोळ्यांच्या रायफलीपेक्षा रुंद नळीची असे. अशा रायफलीचा साचा हरवला तर मालकाला पुन्हा बंदूककाराचे दार गाठावे लागे. गोळी बाजारात मिळण्याची वस्तू नव्हती. शिसे आणि दारू विकत घ्यायची आणि गोळी घरी करायची, असाच व्यवहार होता.

हे काम किती घरगुती होते याचा सर्वांत तपशीलवार पुरावा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभकाळातील आहे. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्यासमोर वाचला गेल्यानंतर जमावाने बोलिंग ग्रीन येथील राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा पाडला. हा पुतळा शिशाचा असून त्यावर सोन्याचा मुलामा होता. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड या गावी ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी पोहोचवण्यात आले, आणि तेथे घरातील व शेजारच्या स्त्रियांनी आणि मुलांनी ते वितळवून गोळ्या ओतल्या. वॉलकॉट यांच्या कागदांत या कामाचा हिशेब नावानिशी टिकून आहे. मुलगी मेरी ॲन हिच्या नावावर १०,७९०, लॉराच्या नावावर ८,३७८ आणि लहानग्या फ्रेडरिकच्या नावावर ९३६, अशी नोंद असून एकूण बेरीज ४२,०८८ आहे. राजाच्या पुतळ्याच्या गोळ्या झाल्या हा प्रसंग इतिहासात गाजला, परंतु या यादीचे खरे मोल वेगळे आहे. गोळी ओतणे हे शिपायाचे किंवा कारागिराचे राखीव काम नव्हते, ते त्या समाजातील घरकामातच मोडत होते, हे ती दाखवते.

रिव्हॉल्व्हरच्या आगमनाने साच्याचे स्थान बदलले. सॅम्युअल कोल्ट याने २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत फिरत्या दंडगोलाच्या पिस्तुलाचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले. या दंडगोलात पाच किंवा सहा घरे असत. प्रत्येक घरात पुढच्या बाजूने दारू ओतून तिच्यावर गोळी दाबून बसवावी लागे आणि मागच्या बाजूस स्फोटक टोपी चढवावी लागे, म्हणजे मूळ तत्त्व ठासणीच्या बंदुकीचेच होते. गोळी घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी ठेवली जाई. नळीखालच्या तरफेने ती आत रेटली की कडेची शिशाची बारीक वळी सोलून निघे आणि गोळी घरात घट्ट बसे, त्यामुळे एका घराची आग शेजारच्या घरातील दारूपर्यंत पोहोचण्याचा धोका कमी होई. १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरचे नाममात्र माप ०.३६ इंच असले, तरी त्याला सुमारे ०.३७५ इंच व्यासाची गोळी लागे ती याच कारणाने. कोल्टची रिव्हॉल्व्हरे लाकडी पेटीतही विकली जात आणि त्या पेटीत दारूची कुपी, पेच फिरवण्याचे हत्यार आणि गोळीचा साचा यांना आपापले खण असत. या साच्यात बहुधा दोन पोकळ्या असत, एक गोल गोळीची आणि दुसरी टोकदार शंक्वाकृती गोळीची. निवडीचा पहिला अंकुर येथे दिसतो, परंतु साचा अजूनही शस्त्राच्याच पेटीत होता. बदल झाला तो मापात. कोल्टच्या हार्टफर्ड येथील कारखान्यात यंत्रांवर भाग घडू लागल्यामुळे साचा विशिष्ट पिस्तुलाऐवजी पिस्तुलाच्या नमुन्याला जुळू लागला, आणि एका नेव्ही रिव्हॉल्व्हरचा साचा दुसऱ्या नेव्ही रिव्हॉल्व्हरला चालू लागला.

धातूच्या काडतुसाने साच्याचे आयुष्य संपेल असे वाटण्याजोगी परिस्थिती निर्माण केली. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये ०.२२ इंची काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दंडगोलातील घरे आरपार भोसकून काडतूस मागून भरण्याच्या रचनेचे एकस्व रोलिन व्हाइट याच्याकडे होते आणि त्याचा वापर करण्याचा हक्क याच कंपनीला मिळालेला असल्याने इतरांची वाट १८६९ पर्यंत अडली. त्यानंतर मात्र कोल्टचे १८७३ चे सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर ०.४५ इंची काडतुसासह आले. आता दारू आणि टोपी एकाच पितळी कवचात बांधलेल्या गोळीसह कारखान्यातून तयार मिळू लागली तेव्हा साच्याची गरज नाहीशी व्हायला हवी होती. तसे झाले नाही, कारण मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसाचे कवच उडाल्यानंतरही शाबूत राहते आणि टोपी बदलून ते पुन्हा भरता येते. रेल्वेपासून दूर राहणाऱ्या पश्चिमेकडील लोकांना तयार काडतुसे महाग पडत आणि वेळेवर मिळत नसत. १८७० च्या दशकात मैदानी प्रदेशात रानरेड्यांची निर्दय कत्तल करणारे शिकारीही तळावरच शिसे वितळवून गोळ्या ओतत आणि कवचे पुन्हा भरत.

या गरजेला बाजाराचे रूप दिले ते जॉन बार्लो यांनी. त्यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू केली आणि सांडशीच्या आकाराचे असे एक अवजार विकले, ज्याच्या एका टोकाला गोळीचा साचा आणि दांड्यांमध्ये कवच भरण्याची सोय होती. लवकरच सुटे साचेही मोठ्या प्रमाणावर मिळू लागले आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्यांची चित्रे, वजने व क्रमांक छापले जाऊ लागले. १९२५ मध्ये हा व्यवसाय लायमन कंपनीकडे गेला, तरी क्रमांकांची पद्धत टिकली. ३५८४२९ या साच्यातील पहिले तीन अंक गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ०.३५८ इंच, असे सांगतात आणि उरलेले तीन अंक पोकळी कोरणाऱ्या कोरणीचा क्रमांक देतात. पेनसिल्व्हेनियाच्या कारागिराने एका रायफलीसाठी केलेली कोरणी आता सूचीतील एक क्रमांक झाली होती. साचा शस्त्राच्या पेटीतून बाहेर पडून दुकानाच्या फळीवर आला तो येथे, आणि कोणता घ्यावा हा प्रश्नही खऱ्या अर्थाने येथेच जन्मला.

व्यासाच्या प्रश्नाला आकाराचा प्रश्न जोडला गेला तो विसाव्या शतकात. आयडाहोमधील पशुपालक आणि लेखक एल्मर कीथ यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आयडियल साच्यांसाठी गोळ्यांचे नमुने आखले. त्यांच्या गोळीला रुंद सपाट नाक, त्यामागे धारदार खांदा, रुंद पट्टे आणि ग्रीज धरणारी खोल खाच असे. हे ग्रीज नळीत शिशाचा थर साचू देत नाही. ०.४४ स्पेशल काडतुसासाठीचा ४२९४२१ हा त्यांचा साचा सुमारे २५० ग्रेनची, म्हणजे साधारण १६ ग्रॅमची गोळी देतो. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. या गोळीवर जड भार चालवण्याचे त्यांचे प्रयोग आणि त्यांनी त्यासाठी सातत्याने धरलेला आग्रह यांचा १९५० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या ०.४४ मॅग्नम काडतुसाच्या जन्मात मोठा वाटा आहे. एका हौशी माणसाच्या साच्यातून कारखान्याचे काडतूस घडले, ही घटना घरगुती ओतकामाच्या इतिहासात फार मोलाची आहे. याच काळात निशाणबाजीसाठी पूर्ण सपाट तोंडाच्या गोळ्या रूढ झाल्या, ज्या कागदावर स्वच्छ गोल छिद्र पाडतात आणि गुणमोजणी सोपी करतात.

धातूच्या बाबतीत ओतकाम करणारे लोक इतर उद्योगांच्या उरलेल्या मालावर जगत आले. शुद्ध शिसे ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला उत्तम, परंतु वेगवान काडतुसांना ते मऊ पडते. कथील मिसळले की धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो आणि अँटिमनीमुळे तो कठीण होतो. ओटमार मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात चालू झाले. त्याचा अक्षरधातू साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असा असे, आणि ऑफसेट छपाईने ही यंत्रे मोडीत काढली तेव्हा तो धातू भंगारातून गोळ्यांच्या साच्यात आला. मोटारीच्या चाकांचा तोल साधणारी शिशाची वजने हा दुसरा मोठा स्रोत होता, जो पर्यावरणविषयक निर्बंधांमुळे आटत चालला आहे.

पहिला साचा निवडण्याविषयी रूढ झालेली व्यवहारनीती या सर्व इतिहासाचे सार आहे. दोन पोकळ्यांचा, मध्यम वजनाच्या आणि साध्या सपाट बुडाच्या गोळीचा साचा नवशिक्याला योग्य मानला जातो, कारण एक पोकळी कंटाळवाणी संथ असते आणि सहा पोकळ्या सारख्या तापवून ठेवणे सरावाचे काम असते. लोखंडी साचा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो पण गंजतो. ॲल्युमिनियमचा हलका, स्वस्त आणि लवकर तापणारा, पण आडदांड हाताने लवकर बिघडणारा. पितळेचा जड आणि उष्णता धरून ठेवणारा. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात, फाजील तापला तर ती दुधाळ, दवाळलेली दिसते, आणि हे दोन टोकांतले अंतर हात शिकेपर्यंत पहिल्या ओतीतील गोळ्या पुन्हा पातेल्यातच जातात. त्यात काहीच वाया जात नाही, हा शिशाचा आणखी एक मोठा गुण.

परंतु सर्वांत महत्त्वाची शिकवण मापाचीच आहे. ०.४५ कोल्टच्या जुन्या नळ्या साधारण ०.४५४ इंची होत्या, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे ०.४५१ ते ०.४५२ इंची, नाव तेच, माप निराळे. म्हणून जाणकार मालक मऊ शिशाची गोळी नळीतून हळूच ढकलून तिच्यावर उमटलेले माप मायक्रोमीटरने घेतो, दंडगोलाच्या घरांची तोंडे मोजतो, आणि मगच साचा मागवतो. कारखान्याने प्रमाणित केलेले माप दीड शतक वापरल्यानंतर तो पुन्हा एकाच शस्त्राच्या मापाकडे वळतो.

महाराष्ट्रात या परंपरेचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. मराठ्यांच्या तोड्याच्या बंदुकांनाही शिशाच्याच गोळ्या लागत आणि किनाऱ्यावरील युरोपीय व्यापाऱ्यांकडून येणारे शिसे ही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने मोक्याची वस्तू होती. परंतु ब्रिटिश राजवटीत दारूगोळ्याचे उत्पादन सरकारच्या हाती एकवटले, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला, आणि आजही १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. घरगुती ओतकामाची अखंड परंपरा अमेरिकेत टिकली त्यामागे तेथील कायद्याची मोकळीक हे प्रमुख कारण आहे.

त्या मोकळिकीलाही आता शिशाच्या विषारीपणाने मर्यादा घातल्या आहेत. वॉलकॉट यांच्या घरातील मुलांना ज्या धोक्याची कल्पना नव्हती तो आज पूर्ण ज्ञात आहे. ओतकाम मोकळ्या हवेत करावे, नंतर हात स्वच्छ धुवावेत आणि लहान मुलांना तेथून दूर ठेवावे, हे साच्यासोबतच शिकवले जाते. कॅलिफोर्नियात शिशाचे कण पोटात जाऊन काँडोर गिधाडे मरत असल्यामुळे शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास १ जुलै २०१९ पासून संपूर्ण राज्यात बंदी आहे. तरीही या कलेने जपलेली दृष्टी टिकण्यासारखी आहे. वस्तूवर छापलेल्या नावावर विसंबून न राहता ती स्वतः मोजावी, तिचा धातू आणि उष्णता ओळखावी आणि चुकलेली ओत निमूटपणे पुन्हा वितळवावी, ही शिस्त कारागिराने मालकाला दिलेली आहे, आणि पहिला साचा विचारपूर्वक निवडणारा माणूस तिचा वारस ठरतो.