मालक परदेशात, गाडी गावात: आरसी, टॅक्स आणि पासिंगचं काय करायचं?

खेड, दापोली, चिपळूणकडच्या गावांत 'एमएच ०२' नंबरच्या गाड्या बऱ्याच दिसतात. जोगेश्वरीला खोली, त्याच पत्त्यावर अंधेरी आरटीओत नोंदवलेली गाडी, आणि मालक कुवेत, दुबई नाहीतर सौदीला नोकरीवर. मग गाडी गावी आणून ठेवली जाते. भाऊ किंवा पुतण्या अधूनमधून चालू करतो. १५ वर्षं होईपर्यंत कुणाचं काही अडत नाही. खर्चाचं मीटर सुरू होतं ते त्यानंतर.

आधी टॅक्सचा गोंधळ मिटवू. घरच्या वापराच्या कारला किंवा मोटारसायकलला महाराष्ट्रात दरवर्षी रोड टॅक्स नसतो. गाडी घेताना तो एकरकमी भरलेला असतो. त्यामुळे 'मालक बाहेर आहे, यंदाचा टॅक्स भरून देतो' असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी विचारा, कुठला टॅक्स? टेम्पो, ट्रक, टॅक्सी यांचं वेगळं. त्यांतल्या काहींचा टॅक्स ठरलेल्या मुदतीने भरावा लागतो, आणि सगळ्यांचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी करावं लागतं. असं वाहन काही काळ बंद ठेवणार असाल तर तसं आरटीओला आधी कळवा. वर्षभर उभं ठेवून नंतर 'चालवलंच नाही हो' म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

खाजगी गाडीची आरसी नोंदणीपासून १५ वर्षं चालते. नंतर एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून याची फी कारला ५,००० आणि मोटारसायकलला १,००० रुपये आहे. गाडी २० वर्षांच्या पुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कारला १०,००० आणि मोटारसायकलला २,०००. खरा फटका उशिराचा बसतो: कारला महिन्याला ५०० रुपये, मोटारसायकलला ३००. मुदत संपल्यावर मालक दोन वर्षांनी रजेवर आला तर कारचा उशिराचा आकारच १२,००० होतो, फीच्या दुपटीहून जास्त. त्याशिवाय १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर लागतो. २०१० साली तो आला तेव्हा पाच वर्षांसाठी पेट्रोल कारला ३,०००, डिझेलला ३,५०० आणि दुचाकीला २,००० असा होता. पैसे भरताना परिवहन पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा.

(१५ वर्षांनी गाडी भंगारातच जाते, हा समज दिल्लीच्या बातम्यांवरून पसरलाय. तिथला १०-१५ वर्षांचा नियम आपल्याकडे नाही. गाडी तपासणीत पास झाली तर चालवता येते.)

आता तपासणी. मालक हजर नसला तरी चालतं, गाडी मात्र हजर हवी. मोटार वाहन निरीक्षक चासी नंबर, दिवे, ब्रेक, टायर बघितल्याशिवाय पुढे जात नाही. अर्ज फॉर्म २५ मध्ये असतो. मालकाच्या वतीने दुसऱ्याने अर्ज केलेला नियमाला मान्य आहे, त्यामुळे सहीचं अधिकारपत्र आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत घरी ठेवून जा. मुदत संपण्याआधीचे ६० दिवस अर्ज करता येतो. रजा त्या दोन महिन्यांत बसवली तर सगळ्यात बरं.

गाडी अंधेरीला न्यायलाच हवी का? नियमात 'गाडी ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहे' असं म्हटलंय. गाडी खेड-दापोलीत असेल तर मुंबईला निघण्याआधी रत्नागिरी आरटीओत विचारून घ्या, अर्ज तिथेच घेतात का ते. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही. मुदत संपलेली आरसी घेऊन महामार्गाला लागू नका. पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढं करूनही बऱ्याच जणांचं काम अडतं ते ओटीपीवर. तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि मालक परदेशी गेल्यावर ते सिम बंद पडलेलं असतं. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसले तर नंबर बंद होतो, पुढे तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. जाण्याआधी परिवहन पोर्टलवर घरच्या चालू माणसाचा नंबर टाका. त्यासाठी चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते, तिन्ही आरसीवर असतात. ई-चलनाचे मेसेजही त्याच नंबरवर येतात, म्हणजे अंगावर चलन बसलं तर कळेल तरी.

विमा आणि पीयूसी थोडक्यात. गाडी रस्त्यावर काढायची तर थर्ड पार्टी विमा पाहिजेच, नाहीतर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० दंड. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनस जातो. नूतनीकरण ऑनलाइन होतं, कुवेतमधूनही करता येतं. पीयूसीचं तसं नाही, त्याला गाडी केंद्रावर न्यावी लागते. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना ते वर्षभर चालतं, जुन्या गाड्यांना सहा महिने. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेटही बसवून घ्या, त्याशिवाय आरटीओतली कामं अडतात.

गाडी परत वापरायचीच नसेल तर १५ वर्षं व्हायच्या आत विकलेली बरी. विक्रीला फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या लागतात. त्या परदेशातून करायच्या तर भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करा. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते एजंटाकडे सोडू नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत त्या गाडीचं चलन आणि अपघाताची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.