दोन दारांचा तंबू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बदलापूरहून कल्याणकडे जाताना अंबरनाथ गेलं की उल्हासनगर लागतं. तिथं उतरल्यावर रिक्षावाल्याला लांबलचक पत्ता सांगावा लागत नाही. 'कॅम्प तीन' किंवा 'कॅम्प पाच' एवढं म्हटलं की काम होतं. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. पण लोकांच्या तोंडचा 'कॅम्प' काही गेला नाही.

या मार्गावर माझी अनेक वर्षं ये-जा झाली आहे. 'कॅम्प' हा शब्द कानावर पडला की मला दूरची आणखी एक छावणी आठवते. ती होती कोरियात, आणि तिचं नाव होतं 'हिंदनगर'.

उत्तर कोरिया म्हटलं की आपल्यासमोर येतात अणुचाचण्या आणि क्षेपणास्त्रं. दाराला आतून कडी लावून बसलेला देश, अशी त्याची ओळख. २००६ मध्ये त्यानं पहिली अणुचाचणी केली. २०१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प आणि किम जोंग उन पानमुनजोमच्या सीमारेषेवर भेटले, ते जगानं टीव्हीवर पाहिलं. त्याच पानमुनजोमजवळ १९५३ मध्ये सुमारे सहा हजार भारतीय जवान तंबू ठोकून राहिले होते, हे मात्र आपण विसरलो आहोत.

कोरियाचं युद्ध जून १९५० मध्ये पेटलं. वर्षभरातच तहाची बोलणी सुरू झाली, तरी युद्ध थांबायला जुलै १९५३ उजाडला. एवढा काळ घोडं कशावर अडलं होतं? मुख्यतः युद्धकैद्यांवर. युद्ध संपल्यावर कैदी परत पाठवावेत, असा जिनिव्हा कराराचा नियम. चीन आणि उत्तर कोरिया त्यावर बोट ठेवून होते. पण दक्षिणेकडच्या छावण्यांतले हजारो कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. त्यांना बळजबरीनं पाठवणार नाही, असं अमेरिकेनं ठरवलं. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध घरी पाठवायचं का, या प्रश्नाचा घोळ चालू होता आणि तिकडे सीमेवर माणसं मरतच होती.

डिसेंबर १९५२ मध्ये कृष्ण मेनन यांच्या प्रयत्नांतून भारताचा तोडगा संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला. चीन आणि उत्तर कोरियानं तो आधी फेटाळला. पण पुढं जून १९५३ मध्ये जवळपास त्याच धर्तीचा करार झाला. परत न जाऊ इच्छिणारे कैदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवायचे ठरले. आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या आणि पहाऱ्यावरच्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हे काहीच पसंत नव्हतं. त्यांनी जूनमध्ये सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले होते. भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू देणार नाही, असंही त्यांनी बजावलं. शेवटी जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं.

सुमारे २२ हजार ६०० कैदी आणि पहाऱ्याला एवढंसं दल. सुरुवातीच्याच दिवसांत चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आत ओढून अडकवून ठेवलं. गोळीबार केला असता तर रक्ताचा सडा पडला असता आणि कदाचित युद्धबंदीही मोडली असती. थोरात मोजके सहकारी घेऊन निःशस्त्र आत गेले, त्या जमावाशी बोलले आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात. प्रत्येक वेळी असं निभावलं नाही. पुढं पहारेकऱ्यांना गोळ्या झाडाव्या लागल्या आणि त्यात कैदी मेलेही.

कैद्याचं मन जाणून घ्यायची पद्धत साधी होती. एका तंबूत त्याच्या देशाचे प्रतिनिधी त्याला समजावत. तंबूला दोन दारं. एक मायदेशाकडे नेणारं, दुसरं नकाराचं. बहुतेकांनी नकाराचं दार धरलं. पण छावणीतल्या पुढाऱ्यांचा धाक असा होता की हजारोंना त्या तंबूपर्यंत येताच आलं नाही. तेव्हा त्यातली खरी इच्छा किती आणि भीती किती, हे कोण सांगणार? हे थिमय्यांनाही ठाऊक होतं. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी ज्यांच्या ताब्यातून आले होते त्यांच्याकडे परत गेले. ८८ जणांनी मात्र ना उत्तर मागितलं, ना दक्षिण. ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. पुढं त्यांतले बरेचजण ब्राझीलला गेले.

उल्हासनगरच्या बराकींत आलेल्या माणसांना असा तंबू आणि अशी दोन दारं कुणी दाखवली नव्हती. जायचं की राहायचं, हे त्यांच्यासाठी इतरांनीच ठरवून टाकलं होतं. त्यांच्यापुढं एकच दार होतं आणि ते मागून बंद झालं. म्हणूनच, सदोष असला तरी पानमुनजोमचा तो तंबू मला मोलाचा वाटतो. सरकारं भांडत असताना 'बाबा रे, तुला कुठं जायचंय?' असं साध्या शिपायाला विचारायची निदान सोय तरी तिथं झाली.

कोरियात आजही शांततेचा तह झालेला नाही. आहे ती १९५३ ची युद्धबंदीच. वाटाघाटी पुन्हा सुरू होतील तेव्हा अण्वस्त्रांची मोजदाद होईलच. त्या मोजदादीत माणसाला विचारायचं राहून जाऊ नये, एवढंच मागणं.