शांततेच्या वकिलांना उत्तर

संग्रहालयात संगीत कशाला, असं विचारणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. चित्र बोलायला स्वतः समर्थ असतं. सूर लावले की पाहणाऱ्याला काय वाटावं हे परस्पर ठरून जातं. शिवाय डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. २०१५ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने ‘साउंडस्केप्स’ या प्रदर्शनासाठी आपल्या संग्रहातल्या सहा चित्रांवर नव्या ध्वनिरचना करून घेतल्या, तेव्हा अनेक समीक्षकांनी तिला याच कारणांवरून झोडपलं.

या पूर्वपक्षाचं गृहीतक असं, की शांतता ही चित्राची मूळ स्थिती. ती तशी नाही. त्या सहांपैकी ‘विल्टन डिप्टिक’ ही राजा दुसऱ्या रिचर्डची घडीची, सोबत नेण्याची प्रार्थनाफळी. ती प्रार्थनेसाठी होती, गप्प उभं राहून न्याहाळण्यासाठी नव्हे. आपल्याकडे पिंगुळीच्या चित्रकथीचंही तेच. एकेक सुटं चित्र समोर धरून ठाकर कलाकार वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गातात. ते चित्र काचेआड लावलं की अर्धी कलाच बाहेर राहते. शांतताही संग्रहालयानेच लादलेली असते, फक्त ती ऐकू येत नाही म्हणून तिला कोणी जाब विचारत नाही.

त्याच सहांतल्या होल्बाइनच्या ‘द ॲम्बॅसेडर्स’मध्ये (१५३३) सगळ्यांची नजर खालच्या तिरप्या कवटीवर खिळते. दोन राजदूतांच्या मधल्या मांडणीवर, खालच्या फळीवर, एक ल्यूट पडलं आहे; त्याची एक तार तुटलेली. ध्वनिकलाकार सुझन फिलिप्सने नेमकी ती तार उचलली आणि व्हायोलिनच्या सुट्या सुरांतून रचना उभी केली. हे पार्श्वसंगीत नव्हे, ही टीका आहे, ज्ञानदेवांनी गीतेवर केली त्या अर्थाने. गीता अपुरी होती म्हणून का ज्ञानेश्वरी झाली? आणि पाहणाऱ्याचं मत आधीच ठरवण्याचाच आक्षेप असेल, तर चित्राशेजारची माहितीची पाटी काय करते? शांततेचे वकीलही आधी तीच वाचतात.

कानांचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणूनच ‘साउंडस्केप्स’मध्ये चित्रांना वेगळी, अंधारलेली दालनं दिली होती; नको असेल त्याने पुढे जावं. सेझानच्या स्नानमग्न आकृतींना चित्रपट-संगीतकार गाब्रिएल यारेदची रचना जोडणं मला तरीही पटत नाही. त्या चित्राचा ताण शरीरांच्या बांधणीत आहे, भावनेत नाही. पण एक टीका फसली म्हणून टीका लिहिणंच बंद करा, असं कोणी म्हणत नाही.

आपल्या संग्रहालयांनी काही करायचंच असेल, तर प्रवेशद्वारापाशी दिवसभर वाजणारी तंबोरा-बासरीची ध्वनिफीत आधी बंद करावी, आणि वाचलेल्या पैशांतून पिंगुळीच्या गायकांना चित्रांच्या एखाद्या पोथीवर नवी रचना करायला सांगावं. मानधन ठरवून.