चिंतेच्या गोळ्या बंद करताना होणारा त्रास: काय करावे, काय टाळावे?

तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम किंवा एटिझोलाम यांपैकी एखादे नाव असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चिंता, अचानक येणारी घाबरगुंडी आणि निद्रानाश यांवर ही औषधे लवकर गुण देतात. मात्र काही आठवडे रोज घेतल्यानंतर ती एकदम बंद केली, तर त्रास होतो. या त्रासाला 'विड्रॉवल' म्हणतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी: हा लेख वाचून आजची गोळी बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला. क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम तुम्हाला फिट येऊ नये म्हणून दिलेले असेल, तर डोसला अजिबात हात लावू नका.

त्रास का होतो?

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन असते. ते चेतापेशींना शांत ठेवते, म्हणजे मेंदूच्या ब्रेकचे काम करते. या गोळ्या त्या ब्रेकचा जोर वाढवतात. गोळी रोज मिळू लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. अशा वेळी गोळी अचानक थांबली की मेंदू काही काळ ब्रेकशिवाय धावतो.

याचा अर्थ तुम्ही 'व्यसनी' झालात असा नाही. डॉक्टरांनी सांगितला तेवढाच डोस नियमाने घेणाऱ्यालाही विड्रॉवल होऊ शकतो. म्हणून अपराधी वाटून घेऊ नका आणि डॉक्टरांपासून काही लपवूही नका.

कोणती लक्षणे दिसतात?

- झोप न लागणे, विचित्र स्वप्ने पडणे
- घाबरल्यासारखे होणे, छातीत धडधड, चिडचिड
- हात थरथरणे, घाम येणे, मळमळ, डोकेदुखी
- स्नायू आखडणे, अंगात मुंग्या येणे
- आवाज आणि उजेड सहन न होणे

अल्प्राझोलामसारखे शरीरातून लवकर निघून जाणारे औषध थांबवले, तर लक्षणे एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतात. डायझेपाम शरीरात बराच काळ राहते, त्यामुळे त्याचा त्रास काही दिवसांनी जाणवतो. बहुतेकांचा मोठा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींना मात्र सौम्य लक्षणे काही महिने राहतात आणि लाटांसारखी येतात: चार दिवस बरे, दोन दिवस वाईट.

हा जुना आजार उलटला का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. डोस कमी केल्यावर लगेच लक्षणे सुरू झाली, पूर्वी कधी नव्हते असे काही (मुंग्या, आवाज सहन न होणे) जाणवू लागले आणि दिवसागणिक ते कमी होत गेले, तर बहुधा तो विड्रॉवल असतो. गोळी बंद होऊन बरेच आठवडे लोटल्यावर जुनी काळजी, जुनी भीती हळूहळू परतली, तर मूळ आजाराचा विचार करावा लागतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून हा निर्णय डॉक्टरांवर सोडा. तुम्ही रोज वहीत तारीख, डोस, झोपेचे तास आणि त्रास लिहून ठेवलात, तर त्यांना निदान करणे सोपे जाते.

डोस कसा कमी करतात?

हळूहळू, पायरीपायरीने. अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्क्यांनी कमी करण्याचा विचार करावा. २ आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात करू नये.

आता घरचा हिशोब पाहा. ०.५ मिलिग्रॅमची गोळी अर्धी केली, तर वाटते की थोडेच कमी केले. प्रत्यक्षात ती ५० टक्के कपात असते. म्हणूनच डॉक्टर कधी कमी ताकदीची गोळी देतात, तर कधी जास्त काळ टिकणाऱ्या औषधावर नेऊन मग डोस उतरवतात. एखाद्या पायरीवर त्रास वाढला, तर तिथेच काही दिवस थांबता येते. शेवटच्या पायऱ्या अनेकांना जड जातात, तिथे घाई नको.

या चुका टाळा

- एक दिवसाआड गोळी घेणे. रक्तातले औषध वर-खाली होते आणि त्रास वाढतो.
- एका गोळीतली दोन औषधे विसरणे. एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम किंवा प्रोप्रॅनोलॉलसोबत एटिझोलाम अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. ती गोळी बंद केली की दोन्ही औषधे एकदम बंद होतात.
- 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेली गोळी तोडणे. तिच्यातले औषध एकदम सुटू शकते.
- झोपेसाठी दारू घेणे. या गोळ्यांसोबत दारू घेतल्यास श्वास मंदावू शकतो.
- गोळ्या संपेपर्यंत थांबणे. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये आहेत आणि चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. गावाला जाण्याआधी चिठ्ठी आणि साठा तपासा.

रोजचे दिवस कसे काढाल?

रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठा. दुपारनंतर चहा-कॉफी नको. रोज अर्धा तास चाला. घाबरल्यासारखे झाले की चार अंक मोजत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजत सावकाश सोडा. ही लाट चढते तशी उतरतेही, हे स्वतःला सांगा. चक्कर किंवा थरथर असेल त्या दिवशी दुचाकी चालवू नका. घरात लग्नकार्य, परीक्षा किंवा घर बदलणे असेल, तर पुढची कपात नंतर करावी का, ते डॉक्टरांना विचारा. समुपदेशकाकडून 'सीबीटी' ही बोलण्यावर आधारलेली उपचारपद्धती शिकलात, तर गोळीशिवाय चिंता हाताळण्याचे साधन हाती येते.

घरच्यांनी काय करावे?

"मनावर घे, सुटेल" असे म्हणू नका. हा त्रास इच्छाशक्तीचा नाही, शरीराचा आहे. गोळ्या लपवू किंवा फेकून देऊ नका; ते धोक्याचे ठरू शकते. त्याऐवजी आठवड्याचा डबा भरून द्या आणि तपासणीला सोबत जा. घरातील वयस्कर व्यक्ती या गोळ्या घेत असतील, तर पडण्याची आणि विसराळूपणाची शक्यता वाढते. म्हणून डोस कमी करण्याचा विषय तुम्हीच डॉक्टरांकडे काढा. गरोदरपणातही गोळी आपणहून थांबवू नये.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

फिट आली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, माणूस गोंधळून बरळू लागला, किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर वाट पाहू नका. रुग्णाला एकटे सोडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

पुढच्या भेटीला जाताना तीन प्रश्न लिहून न्या: माझ्या गोळीत नेमकी कोणती औषधे आहेत? पहिली कपात किती आणि कधी करायची? त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा? या तिन्हींची उत्तरे हातात आल्यावरच सुरुवात करा.