वऱ्हाडातील सायबर सुरक्षेचा धडा
अमरावती-अकोल्यात इंटरनेट आधी पोहोचले ते सायबर कॅफेतून. मुलांना सावध करणारे शिक्षण मागाहून आले. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, पण बालकांच्या अश्लील चित्रणाविरुद्धचे कलम ६७-ब २००९ मध्ये अमलात आले. २०१६ मध्ये राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांच्या सायबर प्रयोगशाळा उघडल्या. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाइलवर भरली. ज्या फोनसाठी मुले बोलणी खात, तोच दप्तरात आला. मग ‘ओटीपी सांगू नका’ एवढा उपदेश तोकडा पडला. धमकीचा संदेश न पुसता घरच्यांना दाखवणे, हा धडा जास्त मोलाचा. पुसलेल्या संदेशाबरोबर पुरावाही जातो. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या दूरध्वनी क्रमांकावर करता येते; संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.